फाईल आहे, पण दिसत नाही

मी मूळची बार्शीची. सोलापुरात इंजिनिअरिंग केलं आणि २०१४ साली पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत ज्युनिअर सिस्टिम ॲडमिन म्हणून चिकटले. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांसाठी ही कंपनी संगणकावर चाचण्या करून द्यायची. अमुक ब्रॅकेट किती भाराला वाकेल, तमुक पाईपमधून हवा कशी वाहील, असली गणितं. त्यासाठी ३२ सर्व्हरचा क्लस्टर होता आणि त्या बत्तीस जणांत मिळून एकच मोठी डिस्क, एनएफएसवरून (नेटवर्क फाईल सिस्टिम, म्हणजे दुसऱ्या मशिनवरची डिस्क नेटवर्कवरून वापरायची सोय) सगळीकडे माउंट केलेली, म्हणजे जोडलेली. माझं काम काय, तर लोकांचे पासवर्ड रिसेट करायचे, बॅकअपच्या टेप बदलायच्या आणि ‘स्टोरेज स्लो आहे’ अशा तक्रारींवर ‘बघते’ म्हणायचं.

स्टोरेजच्या कामाला नव्याने लागलेली मुलं हल्ली मला विचारतात की वितरित फाईल सिस्टिम, म्हणजे एकच साठा अनेक मशिनना वापरू देणारी यंत्रणा, शिकायची तर सुरुवात कुठून करू. त्यांना मी जे तोंडी सांगते ते इथे लिहून काढते आहे. माझी सुरुवात एका तिकिटापासून झाली.

तिकिटात एकच ओळ होती: ‘रिझल्ट फाईल कधी कधी गायब होते.’

या कामातल्या निम्म्या तिकिटांत ‘कधी कधी’ असतंच, आणि नवखा माणूस नेमका त्या दोन शब्दांकडे काणाडोळा करतो. मीही केला. जॉब पडला की मी त्या नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या त्या सर्व्हरवर, लॉगिन करायचे, फोल्डरमध्ये जाऊन एलएस (आतल्या फाईलींची यादी दाखवणारी कमांड) मारायचे, आणि फाईल असायची. साईज बरोबर, वेळ बरोबर, उघडून पाहिली तर आतला मजकूरही बरोबर. मग तिकिटावर ‘फाईल उपलब्ध आहे, कृपया पुन्हा चालवून पाहा’ असं लिहून मोकळी. इंजिनिअर पुन्हा चालवायचा, जॉब पूर्ण व्हायचा, तिकीट बंद. आठवड्याने पुन्हा तेच. असे दोन महिने गेले. चाचणी करणारे इंजिनिअर मला पाहिलं की चहाच्या मशीनकडून वळून जायला लागले.

शेवटी आमच्या स्टोरेज ॲडमिनकडे गेले. पन्नाशीचे गृहस्थ, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. त्यांनी तिकीट वाचलं आणि विचारलं, “अगं, फाईल दिसत नाही असं म्हणतंय कोण? आणि आहे असं म्हणतंय कोण?”

मी म्हटलं, “प्रोग्रॅम म्हणतो नाही. मी म्हणते आहे.”

“दोघं एकाच मशिनवर आहात?”

“हो, मी त्याच नोडवर जाऊन बघते.”

“एकाच वेळी?”

इथे मी गप्प झाले. प्रोग्रॅमने ‘नाही’ म्हटलेलं असायचं रात्री २ वाजून १० मिनिटांनी. मी बघायचे सकाळी साडेनऊला.

काकांनी मला एक वही करायला लावली. कागदाची, दोनशे पानी. पडलेल्या प्रत्येक जॉबची एक ओळ: निकाल कोणत्या नोडवर लिहिला गेला, तो वाचणारा प्रोग्रॅम कोणत्या नोडवर होता, लिहिल्याची वेळ, शोधायला सुरुवात केल्याची वेळ, हात टेकल्याची वेळ. शिवाय न पडलेल्या जॉबचीही नोंद ठेवायची. हे दुसरं मला तेव्हा निव्वळ छळ वाटलं होतं. आज नव्या मुलांकडून मी तेवढंच सक्तीने करून घेते, कारण नुसते पडलेले जॉब बघून काहीच कळत नाही. आजारी माणसांचीच यादी केली तर सगळेच पाणी पितात असं दिसेल.

तीन आठवड्यांत वही बोलायला लागली. लिहिणारा आणि वाचणारा एकाच नोडवर असेल तर जॉब एकदाही पडला नव्हता. दोघं वेगळ्या नोडवर असतील तरच पडायचा, आणि तसे जे जॉब होते त्यांतले साधारण निम्मे पडायचे. महिनाअखेरीला गर्दी झाली की शेड्युलर जागा मिळेल तिथे कामं टाकतो, म्हणून तक्रारी महिनाअखेरीला जास्त. ‘कधी कधी’चा निम्मा अर्थ लागला होता.

उरलेला अर्थ लावायचा तर एनएफएस नेमकं काय वचन देतं ते समजून घ्यावं लागतं. काकांनी ते मला सातबाऱ्यावरून समजावलं. शेतकऱ्याच्या घरात हे लवकर कळतं.

मूळ नोंदवही तलाठ्याकडे असते. आपल्याकडे असतो उताऱ्याचा झेरॉक्स. प्रत्येक बारीक गोष्टीसाठी चावडीवर जायचं म्हटलं तर दिवसच जाईल, म्हणून आपण झेरॉक्सवर भागवतो. पण मधल्या काळात तिकडे फेरफार झाला असेल तर आपला कागद जुना, आणि तो जुना झालाय हे आपल्याला सांगायला कोणी येत नाही. एनएफएसमध्ये डिस्क वाटणारा तो सर्व्हर आणि ती वापरणारे आमचे नोड ते क्लायंट. क्लायंटकडचं कॅशे म्हणजे हा झेरॉक्स. तो किती वेळ खरा मानायचा याचे आकडे ठरलेले आहेत. लिनक्सवर मूळ सेटिंग बदललं नाही तर फाईलची माहिती कमीत कमी ३ सेकंद आणि जास्तीत जास्त ६०, डिरेक्टरीची कमीत कमी ३० आणि जास्तीत जास्त ६०. बराच वेळ न बदललेली फाईल आणखी थोडा वेळ बदलणार नाही असं धरून क्लायंट ही मुदत हळूहळू वाढवत नेतो.

त्याच्या जोडीला एक पक्का नियम आहे, त्याला क्लोज-टू-ओपन म्हणतात. लिहिणाऱ्याने फाईल बंद केली की त्याच्याकडचं सगळं सर्व्हरवर पोचतं. वाचणाऱ्याने त्यानंतर फाईल उघडली की क्लायंट सर्व्हरला विचारतो, ‘काही बदललंय का?’ बदललं असेल तर जुना झेरॉक्स फाडून टाकतो. आधी बंद, मग उघड, एवढ्या क्रमापुरतंच हे वचन आहे. एकाने उघडी ठेवून लिहिलं आणि दुसऱ्याने उघडी ठेवूनच वाचलं, तर कोणाला काय दिसेल याची हमी कोणी दिलेली नाही.

हे असं का केलं, हा प्रश्न मला पडला होता, आणि तो पडायलाच हवा. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ च्या सुमाराला एनएफएस बनवलं तेव्हा सर्व्हरने काही लक्षात ठेवायचं नाही असं मुद्दाम ठरवलं होतं. कोणत्या क्लायंटने कोणती फाईल उघडली आहे याची नोंदच सर्व्हरकडे नाही. फायदा असा की सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला तरी क्लायंट आपलं काम तिथूनच पुढे चालू ठेवतात. तोटा असा की ज्याला कोण आलं-गेलं हे माहीतच नाही, तो फेरफार झाल्यावर कळवणार कोणाला? साधारण त्याच काळात कार्नेगी मेलन विद्यापीठात एएफएस तयार झालं. त्यांनी उलटी वाट धरली. तिथे सर्व्हर झेरॉक्स देतानाच सांगतो की बदल झाला तर मी कळवीन. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत सर्व्हर बऱ्याच गोष्टी लक्षात ठेवायला लागला, पण आमच्याकडे तिसरीच होती, म्हणजे जून १९९५ च्या आरएफसी १८१३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातली. अजूनही कितीतरी ठिकाणी तीच असते.

आता गायब फाईलकडे. वाचणारा प्रोग्रॅम दर दोन सेकंदांनी ‘निकाल झाला’ या अर्थाची एक रिकामी खूणफाईल आली का ते बघायचा. जॉब संपल्यावर पाच मिनिटं वाट बघायचा आणि नाही सापडली तर अयशस्वी म्हणून बाहेर पडायचा. मी मनाशी म्हटलं, डिरेक्टरीची माहिती फार तर मिनिटभर शिळी राहणार, मग पाच मिनिटं कशी पुरत नाहीत?

काका म्हणाले, “अंदाज कशाला करतेस? तो काय विचारतोय ते ऐक की.”

मग मी टीसीपीडम्प लावला, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे-येणारे निरोप टिपणारं साधन. वाचणाऱ्या नोडवर, पोर्ट २०४९, म्हणजे एनएफएसचं पोर्ट. रात्री एक जॉब मुद्दाम दोन नोडवर टाकला आणि कॅप्चर चालू ठेवला. सकाळी ते उघडून बसले. सुरुवातीला एक लुकअप गेलेला: ‘अमुक नावाची फाईल आहे का?’ सर्व्हरचं उत्तर, ‘अशी फाईल नाही.’ त्या क्षणी ते खरंच होतं, फाईल अजून जन्मायची होती. त्यानंतरचा लुकअप शोधत मी खाली खाली जात राहिले. प्रोग्रॅमची लॉग सांगत होती की तो दर दोन सेकंदांनी बघतोय. वायरवर मात्र त्या फाईलबद्दल एक अक्षर नाही. पाच मिनिटांत प्रोग्रॅमने दीडशे वेळा विचारलं आणि दीडशे वेळा त्याच्याच नोडच्या कर्नलने ‘नाही’ म्हणून त्याला परत पाठवलं. सर्व्हरपर्यंत प्रश्न गेलाच नव्हता.

‘नाही’ या उत्तराचंही कॅशे होतं, हे मला त्या दिवशी कळलं. तलाठी म्हणाला की असा गट नंबरच नाही, तर तेही आपण वहीत टिपून ठेवतो आणि पुढच्या वेळी वहीत बघूनच सांगतो. हे ‘नाही’ किती वेळ खरं धरायचं? ज्या डिरेक्टरीत शोधतोय तिच्या माहितीची मुदत संपेपर्यंत.

मग प्रॉकमधल्या माउंट्सच्या फाईलमध्ये त्या माउंटचे पर्याय पाहिले. एफएसटॅबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना काय कसं माउंट करायचं त्या यादीत, काय लिहिलंय ते पाहून थांबू नका. चालू यंत्रणेत प्रत्यक्षात काय लागू आहे ते प्रॉकमध्ये दिसतं, आणि दोन्हींत फरक निघाल्याचं मी पुढे अनेकदा पाहिलं आहे. तिथे मुदतीचे सगळे आकडे ६०० दिसत होते. माउंट करताना कोणीतरी ‘ॲकटाइमिओ’ ६०० दिला होता. हा एक पर्याय दिला की फाईल आणि डिरेक्टरी दोन्हींच्या किमान-कमाल चारही मुदती एकदमच तेवढ्या होतात. सहाशे सेकंद. दहा मिनिटं.

वहीतलं ‘साधारण निम्मे’ इथे चपखल बसलं. शिळ्या माहितीचं आयुष्य दहा मिनिटं आणि प्रोग्रॅमचा धीर पाच मिनिटांचा. फाईल त्या दहा मिनिटांत कुठेही जन्माला येऊ शकते. पुढच्या पाच मिनिटांत मुदत संपली तर जॉब वाचला, नाही तर पडला. नाणं उडवल्यासारखंच. एकाच नोडवर लिहिणं-वाचणं असेल तर स्वतः केलेला बदल स्वतःच्या कर्नलला लगेच माहीत असतो, म्हणून तिथे कधीच अडचण नाही.

आणि मी गेले की फाईल दिसायची ते का? सकाळपर्यंत मुदत संपलेली असायची हे एक. पण एकदा जॉब पडल्यापडल्या धावत जाऊन पाहिलं होतं, तेव्हाही दिसली होती. कारण मी फोल्डरवर एलएस मारत होते. एलएस डिरेक्टरी उघडतो आणि उघडताना क्लोज-टू-ओपनचा नियम लागतो. क्लायंट सर्व्हरला ताजी माहिती विचारतो, डिरेक्टरी बदलल्याचं त्याला कळतं, जुनं ‘नाही’ रद्द होतं. म्हणजे तपासायला जाताना मीच पुरावा पुसत होते! दोन महिने!

तेव्हापासून माझी सवय अशी: तक्रार आली की आधी एलएस नाही. आधी ज्या नावाबद्दल तक्रार आहे नेमकं तेच नाव देऊन स्टॅट (फक्त त्या फाईलची माहिती दाखवणारी कमांड), दोन्ही नोडवर, घड्याळाची वेळ टिपून. इनोड नंबर (फाईलचा अंतर्गत क्रमांक), साईज, बदलाची वेळ, तिन्ही जुळतात का ते पाहायचं. मग सर्व्हरवर थेट, एनएफएस मधे न आणता, तीच फाईल. तिन्ही ठिकाणी तिचा एमडी५ (मजकूर तोच आहे का ते सांगणारा ठसा) काढायचा तो अगदी शेवटी, कारण त्यासाठी फाईल उघडावी लागते आणि उघडलं की परत तोच घोटाळा. डॉक्टर आधी नाडी बघतात, पोट नंतर दाबतात, तसा हा क्रम आहे.

ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी लॅपटॉपवर तीन व्हर्च्युअल मशिन उभी करावीत, एक सर्व्हर आणि दोन क्लायंट. एका क्लायंटवर अस्तित्वात नसलेल्या फाईलला सेकंदा-सेकंदाला स्टॅट करत राहायचं, दुसऱ्यावर ती फाईल टच करून तयार करायची, आणि पहिल्याला दिसेपर्यंत सेकंद मोजायचे. मग पुन्हा तेच, पण मध्येच दुसऱ्या खिडकीतून त्या फोल्डरवर एलएस मारून. मग ‘लुकअपकॅशे’ हा पर्याय ‘पॉझिटिव्ह’ करून, म्हणजे ‘आहे’ लक्षात ठेव पण ‘नाही’ लक्षात ठेवू नको. एका संध्याकाळचं काम आहे. लिनक्सच्या एनएफएसच्या मॅन पेजमध्ये डेटा आणि मेटाडेटाच्या (फाईलबद्दलच्या माहितीच्या) सुसंगतीवर एक भाग आहे, तो या प्रयोगानंतर वाचा. आधी वाचलात तर शब्द कळतील, बाकी काही नाही. माझा अनुभव तरी तसाच आहे.

हे एक कोडं सुटल्यावर मी जरा शेफारले. प्रत्येक तक्रारीला ‘कॅशेचा प्रॉब्लेम’ म्हणायला लागले, आणि लगेच तोंडावर पडले.

दुसरी तक्रार अशी: एका सामायिक लॉग फाईलमध्ये मधेच कचरा येतोय. आठ नोडवरचे आठ प्रोग्रॅम एकाच लॉगमध्ये ओळी जोडायचे. मी कॅशेची मुदत शून्य करून पाहिली. कचरा कमी झाला, गेला नाही. मग ओडी लावून फाईलचे बाइट पाहिले. एका ओळीचं शेपूट दुसऱ्या ओळीच्या पोटात, आणि काही ठिकाणी नुसते शून्य बाइट, ओळीच्या ओळी. ते शून्य बाइट एडिटरमध्ये नीट दिसत नाहीत, म्हणून ओडी किंवा एक्सएक्सडीनेच बघायची सवय लावून घ्या.

साध्या डिस्कवर ‘शेवटाला जोड’ असं सांगितलं की कर्नल शेवट शोधणं आणि लिहिणं या दोन गोष्टी एका दमात करतो. एनएफएसच्या प्रोटोकॉलमध्ये ‘जोड’ असा आदेशच नाही. ‘अमुक बाइटपासून लिही’ एवढाच आहे. म्हणून क्लायंट आधी साईज विचारतो आणि मग त्या जागी लिहितो. दोन क्लायंटना एकाच वेळी साईज ४०९६ असं उत्तर मिळालं की दोघं ४०९६ पासूनच लिहिणार, आणि नंतर येणाऱ्याचं लिखाण आधीच्यावर चढणार. कॅशेची मुदत शून्य केली तरी विचारणं आणि लिहिणं यांच्यामधली फट उरतेच. शून्य बाइटचं कारण वेगळं. कोणीतरी लॉग छाटून रिकामी करत होतं आणि दुसऱ्या नोडवरचा प्रोग्रॅम आपल्या जुन्या जागेपासूनच पुढे लिहीत होता. मधल्या मोकळ्या जागेत शून्य.

उपाय अगदी साधा निघाला: प्रत्येक नोडची लॉग वेगळी, फाईलच्या नावात होस्टनेम, आणि एकत्र करायचं काम नंतर. लॉक लावून, म्हणजे एका वेळी एकालाच लिहू देऊन, भागलं असतं का? असतं, पण ओळीगणिक लॉक म्हणजे आठ जण एका नळावर. शिवाय नवख्याने हेही लक्षात ठेवावं की फ्लॉक (फाईलवर लॉक लावायची एक रीत) लावला म्हणजे तो सर्व्हरपर्यंत पोचलाच असं नाही. जुन्या लिनक्सवर, २.६.१२ च्या आधी, एनएफएसवरचा फ्लॉक त्या एकाच मशिनपुरता असायचा. दोन नोडवर दोघांनाही लॉक मिळाल्याचं दिसायचं आणि दोघंही खूश.

लॉकशिवाय काम कसं करावं याचा माझा आवडता धडा ईमेलच्या जगातला आहे. डॅनियल बर्नस्टाइन यांनी आपल्या क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी मेलडिर नावाची मांडणी केली, तीच मुळी एनएफएसवर लॉक न लावता पत्रं सुखरूप पोचावीत म्हणून. प्रत्येक पत्राची वेगळी फाईल. नावात वेळ, प्रोसेस नंबर आणि होस्टनेम, म्हणजे दोघांची नावं टक्कर खाणार नाहीत. आधी ‘टेम्प’ फोल्डरमध्ये पूर्ण लिहायचं, डिस्कवर पोचल्याची खात्री करायची, मगच ‘न्यू’ फोल्डरमध्ये आणायचं. वाचणारा ‘टेम्प’कडे बघतच नाही, म्हणून अर्धवट पत्र कोणाला दिसत नाही. आमच्या खूणफाईलचं कामही आम्ही पुढे याच धर्तीवर केलं. निकाल तात्पुरत्या नावाने लिहायचा, एफसिंक करायचा (म्हणजे डिस्कवर पोचवायला लावायचा), बंद करायचा आणि मग नाव बदलायचं. नाव बदलणं सर्व्हरवर एका झटक्यात होतं.

यालाही एक काटा आहे. जुन्या फाईलवर नवं नाव आणून ठेवलं की जुनी फाईल सर्व्हरवरून जाते. दुसऱ्या नोडवर कोणी ती जुनी उघडी धरून बसला असेल तर त्याला ‘स्टेल फाईल हँडल’ अशी एरर येते. स्वतःच्याच नोडवर उघडी असलेली फाईल पुसली तर क्लायंट ती एका बिंदूने सुरू होणाऱ्या ‘.एनएफएस’ नावाखाली लपवून ठेवतो, पण दुसऱ्या नोडवर कोणी काय उघडलंय हे त्याला कुठून कळणार! फोल्डरमध्ये तसल्या लपलेल्या फाईली दिसल्या की नवी मुलं कचरा समजून पुसायला जातात. पुसू नका, त्यामागे एखादा जिवंत प्रोग्रॅम असतो. तो मरतो तेव्हा त्या आपोआप जातात. मशीनच मधे बंद पडलं असेल तरच त्या मागे राहतात, आणि त्या बिनधास्त साफ कराव्यात.

तिसरी तक्रार आली ती थेट साहेबांकडून. निकालाची फाईल आहे, दोन्ही नोडवर एकसारखी आहे, सर्व्हरवरही तशीच, पण साईज शून्य. प्रोग्रॅम म्हणतो की मी व्यवस्थित लिहिलं, एकही एरर नाही. वही काढली, स्टॅट केलं, टीसीपीडम्प लावला. सर्व्हरने लिहिण्याला नकार दिल्याचं त्यात स्वच्छ दिसत होतं: कोटा संपलेला. मग प्रोग्रॅमला एरर का नाही? कारण लिहितानाचा डेटा आधी नोडच्या मेमरीत जातो आणि प्रोग्रॅमला लगेच ‘झालं’ असं उत्तर मिळतं. सर्व्हरचा नकार कळतो नंतर, एफसिंक किंवा क्लोज करताना. आणि क्लोजचं उत्तर तपासतो कोण? आमच्या प्रोग्रॅममध्ये ते कोणीच तपासत नव्हतं. मी त्यानंतर इतक्या जणांचे प्रोग्रॅम पाहिले, दहातल्या नवांत ते नसतंच असं माझं मत झालं आहे. डेव्हलपर मंडळींना हे सांगताना जरा गोडीत सांगा. मी सांगितलं नव्हतं, आणि महिनाभर त्या टीमबरोबरचा डबा बंद झाला होता.

याचाच मोठा भाऊ म्हणजे सर्व्हरवरचा ‘एसिंक’ एक्स्पोर्ट (सर्व्हर जे फोल्डर क्लायंटना वापरायला देतो ते एक्स्पोर्ट). त्यात डेटा डिस्कवर जाण्याआधीच सर्व्हर ‘लिहिलं’ म्हणून सांगतो. वेग झकास. पण पहिल्याच वळवाच्या पावसात वीज गेली आणि यूपीएसने दगा दिला तर क्लायंटला मिळालेली ती सगळी वचनं पाण्यात. लिनक्सच्या ‘एनएफएस-युटिल्स’ या साधनांत एकेकाळी हीच मूळ सेटिंग होती. १.०.० नंतरच्या आवृत्त्यांत ती ‘सिंक’ झाली, ते बरं झालं. वेग हवा म्हणून कोणी एसिंक सुचवलं तर त्यांच्याकडून ते लेखी घ्या.

घड्याळांचं मी थोडक्यात उरकते. फाईलवर बदलाची वेळ सर्व्हरच्या घड्याळाची पडते आणि तुलना होते नोडच्या घड्याळाशी. दोन्हींत काही सेकंदांचा फरक असला की मेक (बदललेल्या फाईलींपासून प्रोग्रॅम पुन्हा बांधणारं साधन) कुरकुरतो, किंवा न कुरकुरता जुनीच ऑब्जेक्ट फाईल वापरतो. घड्याळं जुळवणारं एनटीपी किंवा क्रोनी चालू आहे का ते पाहा, पुढे चला.

नंतरच्या नोकऱ्यांत इतर यंत्रणा हाताळल्या. ग्लस्टरएफएसवर दोन प्रतींचा व्हॉल्यूम होता, म्हणजे तोच डेटा दोन सर्व्हरवर. मधला स्विच गेला, दोन्ही बाजूंनी आपापल्या परीने लिहिणं चालू ठेवलं, आणि जोडणी परत आल्यावर खरी प्रत कोणती हे दोघांनाही ठरवता येईना. दोन भावांच्या वाटणीत पंच नसला की होतं तेच. तिसरी प्रत, निदान आर्बिटर तरी ठेवायचा, यावर मी आता वाद घालत नाही. सेफएफएसची गोष्ट वेगळी. तिथे मेटाडेटा सर्व्हर प्रत्येक क्लायंटला हक्क वाटून देतो आणि दुसऱ्याला हवे असतील तर परत मागतो. त्यामुळे शिळं वाचण्याची तक्रार जवळजवळ येतच नाही, येते ती ‘सगळं अडकलंय’ अशी, कारण एक नोड हक्क परत करत नाही आणि बाकीचे त्याची वाट बघत बसतात. सगळ्यांना कायम एकच चित्र दिसावं असं वाटत असेल तर कोणीतरी कोणासाठी तरी थांबणार. एनएफएसने ते थांबणं वाचवलं आणि शिळेपणा पत्करला, एवढाच फरक. आणि ॲमेझॉनच्या एस३ या इंटरनेटवरच्या साठवणीच्या सेवेला फाईल सिस्टिम समजू नका. डिसेंबर २०२० पासून तिथे लिहिलेलं लगेच वाचता येतं हे खरं, पण नेहमीच्या बकेटमध्ये नाव बदलणं म्हणजे कॉपी करून जुनं पुसणं. मेलडिरची युक्ती तिथे जशीच्या तशी चालत नाही.

मुलाखतीत मी नव्या मुलांना एकच प्रश्न विचारते: फाईल एका मशिनवर दिसते, दुसऱ्यावर दिसत नाही, पहिल्यांदा काय कराल? बहुतेक जण ‘रीमाउंट करीन’ म्हणतात. रीमाउंटने बरं वाटतं यात वाद नाही. एकदा एका मुलीने उलट मलाच विचारलं, “मॅडम, दिसत नाही हे कोणत्या कमांडने बघितलं?” पुढचे प्रश्न मी विचारलेच नाहीत.

आता राहिलं ते ६००. ते कोणी घातलं होतं? काकांनीच. दोन-तीन वर्षांपूर्वी सगळे ‘एलएस स्लो आहे’ म्हणून ओरडत होते, सर्व्हर नुसत्या गेटॲटरच्या, म्हणजे ‘फाईलची माहिती काय’ असल्या, प्रश्नांनी गुदमरला होता. तेव्हा त्यांनी मुदत वाढवली, ओरड थांबली, आणि सगळे विसरले. त्या वेळी दोन नोडमध्ये खूणफाईल टाकणारा प्रोग्रॅमच नव्हता, म्हणजे त्या दिवसापुरतं ते बरोबरच होतं. मी उत्साहाने ते काढून टाकलं आणि सोमवारी सकाळी परत ‘एलएस स्लो आहे’ची तिकिटं आली. मग काका आणि मी बसून वाटणी केली. सॉफ्टवेअर आणि लायब्ररी जिथे आहेत, जे महिनोन्महिने बदलत नाही, ते वेगळं एक्स्पोर्ट, फक्त वाचण्यापुरतं, मुदत ६००. निकालांचं एक्स्पोर्ट वेगळं, मुदती मूळच्या, आणि लुकअपकॅशे पॉझिटिव्ह.

काकांनी एफएसटॅबमध्ये या दोन ओळी स्वतः टाइप केल्या. वर तारीख आणि तिकिटाचा नंबर. खाली इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत, एक कॉमेंट: ‘बार्शीच्या बाईंना विचारल्याशिवाय हात लावू नये.’ मी ती कंपनी सोडून बरीच वर्षं झाली. तिथला एक मुलगा मागच्या दिवाळीत फोनवर विचारत होता, की मॅडम, या बाई म्हणजे कोण, त्यांचा नंबर मिळेल का.